दाराशी

"यातली तुमची कोणती?"
सकाळपासून हे चौथ्यांदा.
माझी कुणीच नाही, मी म्हणते, मी दाराची.
बाई हसते, कॉफीचा पेला दोन्ही हातमोज्यांत धरून
माझ्या पिवळ्या जाकिटावरचा सात आकडा वाचते,
जणू उत्तर तिथे असावं.

इसाल्मी, जानेवारी. बाहेर उणे चोवीस,
आत उणे चार. इथे त्याला ऊब म्हणतात.
केर्तूनं आमच्या जिन्यात चिठ्ठी लावली होती:
विभागीय स्केटिंग स्पर्धा, माणसं हवीत, सूप मिळेल.
टपालात एकतीस वर्षं काढून
शनिवार रिकामा असण्याची सवय अजून लागलेली नाही.
सूप वाटाण्याचं निघालं, गुरुवारचं उरलेलं.

काम एवढंच:
नाव पुकारलं की कडी काढायची,
मुलगी बर्फावर उतरली की कडी लावायची,
आणि मधली तीन मिनिटं
तिच्या पात्यांची म्यानं सांभाळायची.
रबरी म्यानं. गुलाबी, चकाकीची, मांजराच्या डोळ्यांची,
एका जोडीवर थोरलीचं नाव खोडून धाकटीचं.
पोरी माझ्याकडे न बघता हात पुढे करतात
आणि मी घेते.
लोकांच्या वस्तू न उघडता हातात धरणं
मला जमतं.

दर सहा जणींनंतर औलिस येतो,
बादलीत ओला बर्फ, गुडघ्यांचा कटकट आवाज.
खाली बसून भोकं बुजवतो.
"हे बघ," मला बोलावतो, "इथून उडाली."
पात्याच्या टोकानं खणलेलं, बोराएवढं.
"आणि इथे उतरली."
विळ्यासारखी वळत गेलेली पांढरी रेघ.
मी एका पसरट ओरखड्याकडे बोट दाखवते.
"ती? ती नाही उतरली."
त्यावरही तो तेवढाच बर्फ घालतो,
तळव्यानं दाबतो, हात तसाच ठेवतो,
जणू ताप बघतोय.

इल्ता रासानेन, कुहमोहून, वय वर्षं बारा.
तिचा कोच दुसऱ्या मुलीपाशी अडकलेला,
वडील वर, बाकांच्या शेवटच्या रांगेत, टोपी हातात.
मला उड्यांची नावं कळत नाहीत.
पडणं कळतं: पार्सलांची थैली
फरशीवर टाकल्याचा आवाज.
एकदा.
मग व्हायोलिन तिला सोडून पुढे गेलं
आणि ती त्याच्या मागून धावत राहिली.
परत एकदा. आणि अगदी शेवटी,
टाळ्यांसाठी हात वर झालेले असताना, तिसऱ्यांदा.

उठून ती वाकली, परीक्षकांकडे,
मग वळून समोरच्या बाजूलाही,
जिथे नुसती गुंडाळलेली जाळी होती
आणि झेंड्याची काठी.

दाराशी आली तेव्हा बोटं तिचं ऐकत नव्हती.
मी वाकले. तिनं एक पाय उचलला,
हात माझ्या डोक्यावर टेकला,
सगळा भार दिला.
बाहीवरचा बर्फ वितळून माझ्या मानेत शिरत होता.
"उलटी घातलीत," वरून आवाज आला,
स्वच्छ, जरासा वैतागलेला,
"ते डावं आहे."
दोन्ही हुबेहूब सारखी. तरी मी बदलली.

"म्हणजे हीच तुमची!" कॉफीवाली बाई.
मी काही बोलणार तोवर पुढचं नाव पुकारलं होतं.

संध्याकाळी बाकांखाली झाडताना
एक म्यान सापडलं, हिरवं, एकटंच.
आतल्या बाजूला बॉलपेननं, बालवाडीच्या अक्षरात: डावं.
कुहमोची बस पाचलाच गेली होती.
औलिसचं यंत्र मैदानावर फिरत होतं,
दिवसभराच्या रेघा मागे पुसत, ओल्या काळ्या पट्ट्यांत.

घर क्रमांक ठाऊक नाही, गल्ली ठाऊक नाही.
आठ आठ नऊ शून्य शून्य,
एवढं बोटांना अजून पाठ आहे.
बाकीचं तिथला टपालवाला बघेल.
सोमवारी सकाळी, पहिल्या थैलीत.